भंगार धातूंचा व्यापार

मोडक्या, झिजलेल्या वा निरुपयोगी झालेल्या धातूंच्या वस्तू गोळा करणे, त्यांची जातवार निवड करणे आणि त्या वजनावर विकणे, हा व्यवसाय. लोखंड, पोलाद, तांबे, पितळ, कासे, ॲल्युमिनियम, शिसे व जस्त हे या व्यापारातील प्रमुख धातू होत. पुनःपुन्हा वितळवूनही धातूचे मूळ गुणधर्म बव्हंशी टिकून राहतात. या व्यापाराचा सर्व आधार हाच आहे. घडणावळ नाहीशी होते, पण द्रव्याचे मोल राहते. मराठीत या मोलास ‘मोड’ म्हणतात. जुने भांडे वा दागिना देताना मिळणारा तो मोडीचा भाव. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचारही याच व्यवहारातून रूढ झाला. प्राचीन मराठीत व कोकणीत ‘भांगार’ (भांगर) म्हणजे सोने, तर ‘भंगार’ म्हणजे मोडतोड; उच्चाराने जवळचे हे दोन शब्द अर्थाने मात्र एकमेकांपासून दूर आहेत.

इतिहास : धातू दुर्मिळ असल्याने जुन्या वस्तू वितळवून नव्या करण्याची प्रथा धातुकामाइतकीच जुनी आहे. प्राचीन धातुमूर्ती संख्येने थोड्या उरल्या, याचे हे एक प्रमुख कारण होय. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाची मुळे खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार धातुशिल्पे सापडली. त्यांचे एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक भरते. ती जमिनीत दडून राहिली, म्हणूनच मुशीतून वाचली.

मराठेशाहीत तांबट, कासार, ओतारी व लोहार हे कारागीर मोडीची धातू हाच आपला एक महत्त्वाचा कच्चा माल मानीत. गावोगाव फिरणारे घिसाडी जुन्या लोखंडापासून विळे, कुऱ्हाडी व शेतीची अवजारे घडवीत. गृहस्थाच्या दृष्टीने तांब्यापितळेची भांडी ही केवळ वापराची वस्तू नसून बचतीचे साधन होती. अडचणीच्या वर्षी ती गहाण पडत किंवा मोडीत निघत. सर्व जिंकलेली धातू वितळविली जात असे, असे मात्र नाही. वसईच्या मोहिमेत (१७३९) हाती आलेल्या पोर्तुगीज घंटा मुशीत न घालता देवालयांत टांगण्यात आल्या. भीमाशंकर व नासिकचे नारोशंकर येथील घंटा त्यांपैकी प्रसिद्ध आहेत.

केवळ वजनावर मोल ठरविले, तर काय गमावले जाऊ शकते, याचे बोलके उदाहरण मुलूखमैदान तोफेचे आहे. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. पुढे १६३२ मध्ये मुरार जगदेव याने ती परांड्याहून विजापुरास नेली. तिचे वजन सुमारे ५५ टन मानले जाते. सातारचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी जुन्या निरुपयोगी सामानाबरोबर तिचाही लिलाव पुकारला. सर्वांत मोठी बोली अवघी १५० रुपयांची आली. एवढ्या प्रचंड ओझ्याची वाहतूक व मोडतोड करण्याचा खर्च लक्षात घेता व्यापाऱ्याच्या हिशेबात ती फारशी किफायतशीर नव्हती. रक्कम क्षुल्लक असल्याचे आणि लोकांच्या मनात तोफेविषयी मोठा आदर असल्याचे वरिष्ठांना कळविण्यात आले व विक्री रद्द झाली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे, कापडगिरण्या, गोद्या व कारखाने यांमुळे मुंबई इलाख्यात मोडीच्या लोखंडाचे प्रमाण एकदम वाढले. रूळ, बाष्पित्रे व यंत्रांचे सुटे भाग यांचे लिलाव होऊ लागले आणि भांड्यांच्या मोडीपेक्षा वेगळा असा औद्योगिक भंगाराचा बाजार उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयात लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात जुन्या तोफांचे लोखंड वापरून नांगर तयार केले. आयात बंद पडली की देशातील मोडीला भाव येतो, हा अनुभव दुसऱ्या महायुद्धातही आला.

स्वातंत्र्योत्तर काळ : नियोजनाच्या काळात पोलादनिर्मिती वाढली, तशी भंगाराची गरजही वाढली. या व्यापाराचे नियमन करण्यासाठी ९ सप्टेंबर १९६४ रोजी कलकत्ता येथे मेटल स्क्रॅप ट्रेड कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. भंगाराच्या आयातीचे काम १९९२ पर्यंत तिच्यामार्फत चाले. याच सुमारास स्टेनलेस पोलादाची भांडी स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाली. कल्हई व घासणी यांच्या कटकटीतून सुटका होत असल्याने घरोघरची तांब्यापितळेची भांडी मोठ्या प्रमाणावर मोडीत गेली. तांबट आणि कल्हईवाले यांच्या धंद्याला त्यामुळे उतरती कळा लागली.

या व्यापारातून उद्योगपती झाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे अनिल अगरवाल. त्यांनी १९७०–८० या दशकात मुंबईत तारकंपन्यांकडील टाकाऊ धातूच्या खरेदी-विक्रीपासून सुरुवात केली, १९७६ मध्ये शमशेर स्टर्लिंग ही कंपनी विकत घेतली आणि पुढे वेदांत उद्योगसमूह उभारला. तथापि असे उदाहरण अपवादात्मकच होय.

जहाजे मोडण्याचा उद्योग मुंबईत दारूखाना भागात चाले. गुजरातमधील अलंग येथे १९८३ पासून हा उद्योग सुरू झाला आणि तेथील भरती-ओहोटीतील मोठ्या तफावतीमुळे झपाट्याने वाढला. मुंबईचे महत्त्व कमी झाले. दारूखान्यात मोडलेले सर्वांत प्रसिद्ध जहाज म्हणजे विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली व १९७१ च्या युद्धात भाग घेतलेली ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. २०१२ पर्यंत ती संग्रहालय म्हणून ठेवली होती; परंतु देखभालीचा खर्च झेपेना. २०१४ मध्ये सु. ६० कोटी रुपयांना तिची विक्री झाली. विक्रीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्यावर त्याच वर्षी ती मोडण्यास प्रारंभ झाला. तिच्या धातूचा काही अंश एका मोटारसायकलीच्या निर्मितीत वापरण्यात आला (२०१६).

व्यापाराची साखळी : या व्यापाराची पहिली कडी म्हणजे हातगाडीवर वा सायकलीवर फिरणारा खरेदीदार आणि कचऱ्यातून वस्तू वेचणारे स्त्री-पुरुष. त्यांच्याकडून माल गावच्या भंगारवाल्याकडे, तेथून तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी भट्टीकडे जातो. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव आहे. तापी खोऱ्यातील अशा बागायती गावांत निघणारा माल शहरी मालापेक्षा वेगळा असतो : नांगराचे फाळ, पाण्याच्या पंपांचे बिडाचे भाग, गंजलेले नळ, पत्रे, सायकली आणि जळालेल्या विद्युत् चलित्रांतील तांब्याची तार. माल थोडा व भट्टी दूर असल्याने वाहतुकीचा खर्च जास्त पडतो. तो मूळ विकणाऱ्याच्या भावातूनच वजा होतो.

नफा मुख्यतः निवडीत असतो. सरमिसळ माल स्वस्त जातो. लोखंड, बीड, पितळ, तांबे व ‘जर्मन’ (ॲल्युमिनियम) वेगवेगळे केले की प्रत्येकाला त्याचा भाव मिळतो. लोहचुंबक, कानसेचा ओरखडा, रंग, वजन व आवाज एवढ्यांवरून जाणकार धातू ओळखतो. दुसरा भाग धीराचा असतो. भाव पडले असता माल साठवून ठेवू शकणारा व्यापारी तरतो. रोजच्या कमाईवर चूल पेटणाऱ्यास मात्र त्याच दिवशी मिळेल त्या भावात विकावे लागते. अनेकदा भंगारवाला वेचकांना आगाऊ उचल देतो व त्या बदल्यात माल त्यालाच घालण्याचे बंधन असते. साखळीच्या वरच्या टोकाचा भाव खालपर्यंत पोहोचताना का आटतो, याचे उत्तर या उचलीत, वजनकाट्यात आणि साठवणुकीच्या जागेत आहे.

महाराष्ट्रात जालना हे भंगारापासून पोलाद तयार करण्याचे प्रमुख केंद्र आहे. तेथे विद्युत् प्रवर्तन भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार करतात. एक टन भंगार वापरल्याने सु. १·१ टन लोहखनिज, ६३० किग्रॅ. कोक करण्याजोगा कोळसा व ५५ किग्रॅ. चुनखडी वाचते, असे केंद्र शासनाच्या २०१९ च्या धोरणात नमूद आहे. ॲल्युमिनियमच्या बाबतीत खनिजापासून धातू मिळविण्याच्या तुलनेने सु. ९५ टक्के ऊर्जा वाचते.

कायदे व धोके : वितळलेल्या धातूस मालक उरत नाही, यामुळे चोरीचा माल दडविण्यास हा व्यापार सोयीचा ठरतो. तारायंत्राच्या तारांसाठी १९५० चा व रेल्वे मालमत्तेसाठी १९६६ चा कायदा करावा लागला, तो यासाठीच. ग्रामीण भागात विहिरीवरील पंपाची केबल वा रोहित्रातील तांबे चोरीस जाते, तेव्हा चोराच्या हाती मोडीचा भाव पडतो. शेतकऱ्याचे मात्र ऐन पाणी देण्याच्या दिवसांत पीक वाळते. धातूची किंमत आणि वस्तूची किंमत यांतील अंतर येथे सर्वांत क्रूरपणे दिसते.

तारेवरील आवरण जाळताना निघणारा धूर, विद्युत् घटमालेतील शिसे व आम्ल आणि बंद टाक्यांचे स्फोट हे नेहमीचे धोके होत. दिल्लीतील मायापुरी येथे २०१० मध्ये लिलावात विकल्या गेलेल्या एका प्रयोगशाळेच्या उपकरणातील कोबाल्ट–६० मुळे भंगारबाजारातील कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा झाली व एकाचा मृत्यू झाला.

वेचकांचे संघटन पुण्यात प्रथम ठळकपणे दिसले. तेथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. महानगरपालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे सभासदांना मिळू लागल्याने चोरीच्या संशयावरून होणारा त्रास कमी झाला. २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा उचलण्याचे काम महानगरपालिकेशी करार करून हाती घेतले.

ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून घेतलेल्या भंगार धातूवर वस्तू व सेवा कर भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर टाकण्यात आली. तोंडी व रोखीने चालत आलेला हा व्यापार अशा रीतीने हिशेबाच्या कक्षेत येत आहे. पहिल्या कडीतील वेचक व फेरीवाले यांची नोंद त्या हिशेबात अद्याप क्वचितच होते. मात्र भट्टीत पडणाऱ्या मालाची पहिली निवड त्यांच्याच हातून झालेली असते.