मद्यपी सारथी : दंड कीं उपचार?

निजामी अमलांत मद्यावरील अबकारी हें सरकारी उत्पन्नाचें मोठें साधन होतें. परभणीचा पिणारा राज्याच्या लेखीं गिऱ्हाईक होता. मुंबई प्रांताचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा; तेव्हां परभणी हैदराबाद राज्यांत होती. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९५९ सालीं तो कायदाहि येथें आला, आणि कालचें गिऱ्हाईक गुन्हेगार ठरलें. मद्यपान हा दुर्गुणापेक्षां रोगच अधिक, असें गांधीजींनीं पूर्वींच सांगितलें होतें. कायद्यानें त्यांची बंदी तेवढी उचलली. (प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळे खरा, पण तो पिण्याचा, सोडण्याचा नव्हे!)

मोटारीच्या कायद्याची कथा निराळी नाहीं. १९३९ च्या कायद्यांत प्यालेल्या चालकास पहिल्या गुन्ह्यासाठीं कैद किंवा दंड होता. १९९४ च्या दुरुस्तीनें १९८८ च्या कायद्यांत शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅम मद्य ही सीमा धरली. २०१९ च्या दुरुस्तीनें दंड दहा हजारांवर नेला. कैदेची मुदत मात्र तीच. गंगाखेडकडे ऊस वाहणाऱ्या मजुरास दहा हजार म्हणजे महिन्याभराची मिळकत. ती उचल घेऊन भरली, तर शिक्षा घरचीं माणसें भोगतात आणि बाटली जागच्या जागीं राहते.

उलट १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें, थोडक्या मालासह सांपडलेल्या व्यसनी माणसास त्याच्या संमतीनें उपचारासाठीं सोडण्याची मुभा न्यायालयास दिली आहे. पुढच्याच वर्षीं पुण्यांत डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानें मुक्तांगण सुरू झालें. मोटार कायद्यांत मात्र मद्यपी सारथ्यासाठीं असें दार नाहीं.

१९ मे २०२४ रोजीं पुण्यांत कल्याणीनगरला एका मोटारीखालीं दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार चालविणाऱ्या अल्पवयीन मुलावर मद्यपानाचा आरोप होता. बाल न्याय मंडळानें जामिनाच्या अटींत तीनशें शब्दांचा निबंध सांगितला, तशी व्यसनमुक्तीच्या उपचाराचीहि अट घातली. लोक खवळले, तें रास्तच. परंतु निबंधाच्या हंशांत उपचारहि हास्यास्पद ठरला, याचें आम्हांस दुःख होतें. दोन जीव गेल्यावर उपचारास शिक्षेच्या जागीं बसविणें हें अस्थानीं होय. त्याची खरी जागा त्याआधींची : कोणाला इजा होण्यापूर्वीं नाक्यावर पकडलेल्या त्या पहिल्या चालकाची. त्याचा परवाना काढून घ्यावा, कैद टांगती ठेवावी, आणि वर्षभर दर महिन्यास रुग्णालयांत त्याची हजेरी मांडावी. हजेरी चुकली तर तुरुंग आहेच.