मराठी वाक्य आणि इंग्रजी विराम

पेशवाईंतील एखादा मोडी कागद उघडला, म्हणजे प्रथम दृष्टीस पडते ती डावीकडून उजवीकडे गेलेली सलग रेघ. लिहिणारा ती आधीं ओढी आणि मग तिच्याखालीं अक्षरें मांडीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाहीं. वाक्य कोठें संपलें हें सांगणारी खूणही बहुधा नाहीं. तरी वाचणाऱ्या कारकुनाचें अडत नसे. मराठींत क्रियापद शेवटीं येतें. ‘केलें’, ‘जाहलें’, ‘पाठविलें’ असें कानीं पडलें, कीं वाक्य पुरें झालें हें त्यास कळे. कागद मोठ्यानें वाचला जाई, आणि विराम वाचणाऱ्याच्या श्वासांत असे. पोथ्यांतून दंड होता खरा, पण त्याची खरी चाकरी श्लोकापाशीं.

छापखान्यानें हा व्यवहार पालटला. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें. त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर दोन स्तंभांत शेजारीं शेजारीं असे. एक वाक्य क्रियापदाची वाट पाहात चालणारें, दुसरें तें आरंभींच सांगून मोकळें होणारें. इंग्रजी शिकणाऱ्या तरुणांस हा भेद आतां डोळ्यांनीं पाहतां येऊं लागला.

चिन्हांची रीतसर ओळख करून दिली ती मेजर थॉमस कँडी यांनीं. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशाला हातभार लावणारे हे लष्करी गृहस्थ पुढें विद्याखात्यांत रमले. १८५० सालीं त्यांचें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें लहानसें पुस्तक निघालें. त्या काळच्या इंग्रजी व्याकरणांत विरामांचा हिशेब श्वासावर असे. लिंडले मरे यांच्या १७९५ च्या प्रसिद्ध व्याकरणांत कॉमाच्या दुप्पट सेमिकोलन, त्याच्या दुप्पट कोलन आणि त्याच्याही दुप्पट पूर्णविराम, असें प्रमाणच दिलेलें आहे. मराठींत रूढ झालेलीं स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम हीं नांवें त्याच हिशेबाची आठवण देतात.

चिन्हें लोकांनीं सहज घेतलीं. वाक्याची गोष्ट निराळी. शाळांच्या मराठी पुस्तकांची भाषा कँडीसाहेबांच्या नजरेखालून जाई. शास्त्र्यांचें मराठी परक्याच्या लेखणीनें शुद्ध व्हावें, याची बोच पुढें पुष्कळांस लागली, आणि ती अगदींच अनाठायीं नव्हती. ‘जो मनुष्य काल आला तो माझा भाऊ’ या वाक्याला एकाही चिन्हाची गरज नाहीं. ‘तो मनुष्य, जो काल आला, माझा भाऊ आहे’ असें लिहितांच त्याला दोन स्वल्पविरामांच्या कुबड्या लागतात. परक्या रचनेमुळें आलेलें पांगळेपण चिन्हांनीं झांकलें, एवढेंच.

१८७४ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाला’ काढली, आणि मराठी भाषेची सांप्रतची स्थिति हाच विषय आरंभीं घेतला. स्वभाषेचा एवढा अभिमानी दुसरा लेखक त्या काळीं क्वचितच सांपडेल. पण जॉन्सन व मेकॉले यांचा व्यासंग त्यांच्या लांब, तोललेल्या वाक्यांत स्पष्ट दिसतो. अर्धविरामाशिवाय तीं उभींच राहात नाहींत. मात्र तेथें क्रियापद आपली जागा सोडीत नाहीं. उसनें आणून घरचें करणें म्हणतात तें हें!

खरा लाभ झाला तो संवादांत. ‘तो आला काय’ येथें प्रश्नचिन्ह नसलें तरी चालतें, ‘काय’ आहेच. परंतु ‘तो आला?’ यांतला प्रश्न केवळ आवाजांत असतो. त्या एका चिन्हावांचून तो कागदावर उतरत नाहीं. १८९० पासून हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ मध्यें घरोघरच्या बायकांचें बोलणें मराठी वाचकांस ऐकूं आलें, त्यांत या बारीक खुणांचाही वांटा आहे.

एक चिन्ह मात्र मराठींत कधीं नीट नांदलें नाहीं. अपूर्णविरामाचे दोन टिंब आणि संस्कृत विसर्ग दिसण्यांत सारखेच. ‘अंततः’ लिहिलें कीं ‘अंतत’ लिहून पुढें थांबले, हें कळेना. तेव्हां छापखान्यांतून त्या टिंबांपुढें एक आडवी रेघ जोडण्याची चाल पडली, आणि अपूर्णविराम बहुधा तसाच, काठी टेकून, छापला जाऊं लागला.