फाइव्ह पॉइंट्स : भूमिगत साधनांची साक्ष

एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कच्या इतिहासात फाइव्ह पॉइंट्स या वस्तीचे नाव दुर्लौकिकासाठीच येते. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, बुजवलेल्या कलेक्ट तळ्याच्या परिसरात ती वसली होती. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स याने तिला भेट देऊन आपल्या प्रवासवर्णनात तेथील घाणीचे व अधोगतीचे चित्र रेखाटले. वृत्तपत्रांनी व धर्मोपदेशकांनी तेच चित्र गिरविले. हे सर्व लेखक बाहेरचे होते; रहिवाशांनी स्वतःविषयी लिहिलेले फारच थोडे उरले आहे.

ही उणीव १९९१ मधील उत्खननाने बऱ्याच अंशी भरून निघाली. फोली चौकातील न्यायालयाच्या नव्या इमारतीसाठी जागा मोकळी करताना जुन्या घरांचे पाये, शौचकूप व पाण्याचे हौद उघडकीस आले. वापरातून गेलेले हे खड्डे रहिवाशांनी केरकचऱ्याने भरले होते. त्यांतून सुमारे साडेआठ लाख वस्तू हाती आल्या. आयरिश मजुरांच्या चाळीमागे स्टॅफर्डशायरची चहाची भांडी व मांसाहाराची साक्ष देणारी हाडे मिळाली. मद्यपाननिषेधाचे आयरिश प्रचारक फादर मॅथ्यू यांचे चित्र असलेला एक कपही सापडला. मद्यपी म्हणून हिणविलेल्या वस्तीतील हा पुरावा बोलका आहे. अन्यत्र गुंड्या, टाचण्या व कापडाचे तुकडे शिंप्यांच्या घरगुती श्रमांची साक्ष देतात.

तथापि, यावरून तेथे दारिद्र्य नव्हते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. बॅक्स्टर रस्त्यावरील एका कुंटणखान्याच्या शौचकूपात उंची चिनी भांड्यांबरोबरच नवजात अर्भकांच्या अस्थीही सापडल्या. तात्पर्य, उत्खननाने दैन्य खोटे ठरविले नाही. त्या दैन्यातही नीटनेटका संसार मांडण्याची माणसांची धडपड दाखवून दिली.

रिबेका यामिन यांच्या संपादनाखाली या संशोधनाचा अहवाल २००० मध्ये सिद्ध झाला. वस्तू मात्र जागतिक व्यापार केंद्राच्या सहाव्या इमारतीच्या तळघरात होत्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात ती इमारत उद्ध्वस्त झाली आणि प्रदर्शनासाठी अन्यत्र दिलेल्या केवळ अठरा वस्तू वाचल्या. फादर मॅथ्यू यांचा कप त्यांपैकीच एक होय. बाकीच्यांविषयी आज जे सांगता येते, ते वेळीच केलेल्या नोंदींच्या आधारावर. ज्यांचे कागद उरत नाहीत, त्यांचा इतिहास अशा नोंदींवरच तगून राहतो.