कोटांतील रिकामा वेळ



मुंबईच्या कोटांत, म्हणजे आपण ज्यास 'फोर्ट' म्हणतों त्या भागांत, राहणाऱ्या मंडळींविषयीं बाहेरच्यांना नेहमीं एक प्रश्न पडतो. दिवसभर जेथें बँका, पेढ्या आणि वकिलांच्या कचेऱ्या गजबजलेल्या असतात व दिवेलागणीनंतर जेथें सामसूम होते, तेथें घर करून राहणाऱ्या माणसानें फुरसतीच्या वेळीं करावें तरी काय? मीं आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला. तेव्हां माझें उत्तरही त्याच वळणाचें असणार. मला वाटतें, फुरसत सुखानें घालविण्याचीं जितकीं साधनें या एका भागांत आहेत, तितकीं अन्यत्र क्वचितच सांपडतील. मात्र त्यांतील एकही आपोआप निर्माण झालेलें नाहीं. प्रत्येकामागें कोणाची तरी भीति, कोणाची देणगी किंवा कोणाचें तरी भांडण आहे.

रविवारीं सकाळीं, रस्ते मोकळे असतांना, प्रथम नाहींशा झालेल्या तटाचा शोध घ्यावा. १७१५ सालीं गव्हर्नर झालेल्या चार्ल्स बून याच्या कारकीर्दींत हा तट उभा राहिला. अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे त्यास तीन दरवाजे होते. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, तेव्हां मुंबईच्या व्यापाऱ्यांची पांचावर धारण बसली. तटाभोंवतीं खंदक खणण्यासाठीं त्यांनीं तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. मराठ्यांची स्वारी मुंबईवर आली नाहीं. खंदक मात्र झाला. पुढें भीति सरली, शहर वाढलें, आणि १८६२ ते १८६७ या काळांत गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यानें तट पाडविला. आज सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत जुन्या किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा उरला आहे. चर्च गेट जेथें होतें, तेथें १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन उभें राहिलें. त्याच चौकांत २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं संयुक्त महाराष्ट्रासाठीं निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. हुतात्मा चौकांत घटकाभर थांबल्यावांचून ही फेरी पुरी झाली असें समजूं नये.

तटाबाहेरील जमीन तोफांच्या माऱ्यास आडोसा नसावा म्हणून उघडी ठेवलेली होती. १८०३ सालच्या मोठ्या आगीनंतर तर ती अधिकच कटाक्षानें मोकळी राखण्यांत आली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्या उघड्या पट्ट्याचेच अवशेष होत. युद्धासाठीं राखलेल्या जागेवर आज मुलें क्रिकेट खेळतात, हें इतिहासाचें एक समाधानकारक वळण म्हटलें पाहिजे. परंतु मोकळी जागा मोकळी राहावी यासाठीं कोणीतरी जागें असावें लागतें. ओव्हल मैदानाची पुरी दुर्दशा झाली, तेव्हां १९९० नंतरच्या दशकांत आसपासच्या रहिवाशांनींच कोर्टाची पायरी चढून तें सांवरलें.

यानंतर हॉर्निमन सर्कलच्या बागेंत बसावें. येथें पूर्वीं 'बॉम्बे ग्रीन' नांवाचें पटांगण होतें व त्यावर कापसाच्या गांठींच्या राशी पडत. याच परिसरांत वडाच्या सावलींत दलाल जमत. त्यांनीं १८७५ सालीं स्थापिलेला संघ म्हणजेच आजचा शेअरबाजार. ज्यांचें नांव बागेस दिलें आहे, ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन जातीचे इंग्रज. परंतु हिंदी जनतेची बाजू घेतल्याबद्दल सरकारनें त्यांस १९१९ सालीं हद्दपार केलें. जवळच सेंट टॉमस कॅथीड्रल आहे. हें देऊळ १७१८ सालीं उघडलें. मुंबईच्या जुन्या मैलांच्या दगडांवरील अंतर येथूनच मोजलें जाई. म्हणजे शहराचा शून्य आंकडा आपल्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे!

समोर टाऊन हॉल आहे. तो १८३३ सालीं पुरा झाला. त्यांत राहणाऱ्या एशियाटिक सोसायटीचें मूळ १८०४ सालच्या साहित्य-सभेंत आहे. सोपारा येथील स्तूपांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं जो करंडक सांपडला, तो याच संस्थेनें जपला. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षें येथें वाचीत बसत. ज्या वास्तूच्या चारी बाजूंस दिवसभर पैसा फिरतो, तिच्या आंत एका बाईनें केवळ ज्ञानासाठीं उभें आयुष्य घालवावें, हा योग मला फार बोधप्रद वाटतो.

आतां पैशाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि मुंबईवर सोन्याचा पाऊस पडला. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि घरेंदारें बुडालीं. या सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद. तोही त्यांत नागविला गेला. परंतु त्यानें विद्यापीठास दिलेले दोन लाख ग्रंथालयासाठीं व दोन लाख मनोऱ्यासाठीं हे टिकले. आईच्या नांवाचा तो राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. सट्ट्यांतला पैसा सट्ट्यांत गेला. दिलेला तेवढा राहिला.

दुपारीं ऊन असेल, तर काळा घोडा येथील डेव्हिड ससून वाचनालयाच्या व्हरांड्यांत लांब पायांच्या खुर्चीवर पडून वाचावें. हें १८४७ सालीं टांकसाळ व गोदी यांतील कारागिरांनीं सुरू केलें. ससून यांच्या साठ हजारांच्या देणगीचा हातभार लागून १८७० सालीं इमारत झाली. हातांत हातोडा धरणाऱ्यांनीं आधीं वाचनाची भूक दाखविली, श्रीमंतानें मागाहून पैसा दिला, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जवळच १९५२ सालीं उघडलेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तेथें चित्रें पाहण्यास पैसा पडत नाहीं.

आणि संध्याकाळीं समुद्र. कोटास पूर्व आणि पश्चिम असे दोन कांठ आहेत. पूर्वेचा कांठ कामकऱ्यांचा. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें तेथील गोदींत सागवानी जहाजें बांधलीं. १८१७ सालचें 'ट्रिंकोमाली' इंग्लंडांतील हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे. परंतु गोद्यांच्या भिंतीआड हा कांठ नागरिकांस बहुतेक दिसतच नाहीं. गेट वे ऑफ इंडियापाशीं तेवढा तो मोकळा होतो. पश्चिमेचा कांठ फुरसतीचा. मरीन ड्राइव्हची जमीन समुद्र हटवून काढलेली आहे. त्या भरावाच्या योजनेंतील गैरव्यवहार खुरशेद फ्रामजी नरिमन यांनीं उघडकीस आणला, त्याबद्दल त्यांजवर बदनामीचा खटला झाला, आणि ते निर्दोष सुटले. पुढें भरावाच्या त्याच टोंकास नरिमन पॉइंट हें नांव मिळालें. त्या कठड्यावर वारा खात बसतांना एवढें स्मरावें कीं, ही जागा जशी इंजिनिअरांनीं दिली, तशीच प्रश्न विचारणाऱ्या एका नागरिकानेंही राखली.

कोटांत राहणाऱ्यास एक मोठी भीति आहे. घरांच्या जागीं कचेऱ्या आल्या कीं रहिवासी कमी होतात. रहिवासी कमी झाले कीं वाचनालयाचे सभासद घटतात, आणि मैदान कोणाचेंच राहत नाहीं. ज्या बागेंत कोणी बसत नाहीं, ती बाग वांचविण्यास कोण धांवणार? म्हणून मी म्हणतों, येथें फिरणें, वाचणें, बसणें ही नुसती करमणूक नव्हे. ती वहिवाट आहे. पायवाट चालल्यानें टिकते, तसाच सार्वजनिक हक्कही वापरल्यानें टिकतो. येत्या रविवारीं घरांतील मुलांस घेऊन बाहेर पडा, आणि तटाचा तो उरलेला तुकडा त्यांना प्रथम दाखवा.