शक्ती-तुरा : वादातून जुळलेले मैत्र

माणसांची मैत्री कशावर जडते? शेजार, शाळा, एकच यंत्र, एकच खाणावळ, अशी उत्तरे सहज सुचतात. पण महाड-पोलादपूरच्या मुलखात, आणि कोकणातून मुंबईस गेलेल्या गिरणी कामगारांत, मैत्रीचा एक निराळाच धागा आढळतो. शिव थोर की शक्ती थोर, या एका जोडीवरून रात्र रात्र गाऊन भांडणारी माणसे एकमेकांची जिवलग होत आली आहेत. या भांडणास कोकणात शक्ती-तुरा म्हणतात.

याचे मूळ कलगी-तुऱ्यात आहे. कलगीवाले शक्तीस, म्हणजे मायेस श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवास. चंदेरीच्या राजाने तुकनगीर नावाच्या गोसाव्यास तुरा आणि शहाअली नावाच्या फकिरास कलगी बहाल केली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एक हिंदू व दुसरा मुसलमान असावा आणि दोघांचाही सारखाच मान व्हावा, असे लोकांस वाटले, हे आम्हांस मोलाचे वाटते. उत्तर पेशवाईत या शाहिरीस बहर आला. ‘होनाजी बाळा’ हे एकाच माणसाचे नाव असावे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः होनाजी शिळारखाने कवने रची आणि बाळा कारंजकर ती गाई. दोन मित्रांचे मिळून एक नाव झाले!

कोकणात हा वाद जाखडी नाचात, म्हणजेच बाल्या नाचात शिरला. मध्ये शाहीर आणि ढोलकी, भोवती घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. आधी गण, मग गवळण आणि नंतर सवाल-जवाब. शिव-पार्वती, राधा-कृष्ण अशी जोडी घ्यावयाची आणि पोथीत नसलेला रुसवा-फुगवा, नसलेले बोलणे त्यांच्या तोंडी घालावयाचे, हे शाहिराचे काम. मूळ कथा श्रोत्यांस पाठ असते, म्हणूनच नव्या कल्पनेची गंमत कळते. अमेरिकेत 1966 साली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली; 1967 साली तिच्या चाहत्यांनी त्याच पात्रांवर स्वतः लिहून ‘स्पॉकनेलिया’ हे हौशी नियतकालिक काढले, आणि अशा लेखनातून दूरदूरच्या अनोळखी लोकांची ओळख वाढली. आमच्या वाडीवस्तीवरचा शाहीर हेच काम फार पूर्वीपासून करीत आला आहे.

या सामन्याचा मुख्य नियम साधा आहे: समोरच्याचा सवाल पुरता ऐकल्यावाचून जवाब देता येत नाही. सवालाचा एक शब्द निसटला तर जवाब फसतो. म्हणजे येथे सर्वांत चांगला श्रोता कोण? तर प्रतिस्पर्धी! युरोपातही याला जुळणारे उदाहरण आहे. महायुद्ध संपून अकरा वर्षे झाली असता, 1956 साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांनी गीतस्पर्धा भरविली. एकमेकांवर तोफा डागलेले फ्रान्स आणि जर्मनी दोघेही तीत होते. पुढच्याच वर्षापासून असा नियम झाला की, आपल्या देशाच्या गाण्यास मत द्यावयाचे नाही. दुसऱ्याचेच गाणे कान देऊन ऐकणे भाग पडले.

गिरणगावाने ही विद्या जपली. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर या मित्रांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊंच्या छक्कडीतील मुंबईचा कष्टकरी आणि गावी राहिलेली त्याची मैना या जोडीच्या ताटातुटीत लोकांनी संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेले बेळगाव-कारवार पाहिले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव विस्कटले. तरी गौरी-गणपतीस गावी येणारा चाकरमानी ढोलकी विसरला नाही.

आता प्रश्न आपल्या महाडच्या औद्योगिक वसाहतीचा आहे. येथे उत्तर प्रदेश-बिहारकडचा कामगार आमच्या शेजारच्या यंत्रावर उभा असतो. पाळी सुटली की तो एका खोलीत, आम्ही दुसऱ्या. भाषा निराळी, मग मैत्री कशी व्हावी, असे म्हटले जाते. आणि माणसे अशी वेगळी राहिली की मजुरीच्या मागणीतही वेगळी पडतात. पण भोजपुरी मुलखात बिरह्याचे दंगल होतात. तेही गाण्याचेच सामने. राजस्थानात चित्तोडकडे तुर्रा-कलगीचे ख्याल आहेत; नावसुद्धा तेच. म्हणजे ज्यास आपण परका म्हणतो, त्याच्या गावीही रात्रभर गाऊन भांडण्याची आणि सकाळी एकत्र चहा पिण्याची रीत आहे.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे की, येत्या गणपतीत शक्ती-तुऱ्याचा सामना ठरेल तेव्हा वसाहतीतल्या बिरहा गाणाऱ्यासही बोलवावे. त्याचा सवाल आपणांस प्रथम उमगणार नाही. तो त्यालाच विचारावा लागेल. संघटनेची पहिली सभा तेथेच भरली, असे आम्ही समजू.