व्हेनिसची आरोग्य-परिषद आणि मुंबई इलाख्यातील प्लेग

१८९७ सालच्या प्लेगचा इतिहास मराठीत बहुधा रँडच्या वधापासून मागे वाचला जातो. त्यामुळे पुण्यातील घरझडत्या हा एका अधिकाऱ्याच्या उद्दामपणाचा परिणाम ठरतो, आणि त्याच वेळी युरोपात चाललेल्या वाटाघाटी दृष्टीआड राहतात. वस्तुतः या दोहोंचा संबंध निकटचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. तोपर्यंत इंग्रज सरकारचे धोरण क्वारंटाइनला प्रतिकूल होते. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर हिंदुस्थानच्या व्यापारास त्याला कोणताही अडथळा नको होता. पटकीच्या प्रश्नावर फ्रान्सादी राष्ट्रांशी त्याचा वाद १८५१ च्या पॅरिस परिषदेपासून चालत आला होता. मुंबईच्या साथीने तो वाद फिरविला. भूमध्य समुद्रातील बंदरे हिंदी मालास बंद होतील, ही भीती खरी होती. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पुढाकाराने १६ फेब्रुवारी १८९७ रोजी व्हेनिस येथे परिषद भरली. त्यापूर्वी बाराच दिवस, ४ फेब्रुवारीस, साथीच्या रोगांचा कायदा झाला होता. अवघ्या चार कलमांचा हा कायदा प्रवाशांच्या तपासणीस व रोग्यांच्या अलगीकरणास मुभा देतो आणि अंमलदारांना फिर्यादीपासून संरक्षण देतो. ही घाई केवळ योगायोगाची मानणे कठीण आहे.

परिषदेने १९ मार्च रोजी करार केला. प्लेग आढळताच इतर राष्ट्रांस कळविणे, निघत्या बंदरावर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी, दहा दिवसांची निरीक्षणमुदत आणि चिंध्या, वापरलेले कपडे अशा मालाचे निर्जंतुकीकरण ही त्यातील मुख्य कलमे होत. पिसवांचा संबंध सिमोंने १८९८ साली दाखविला; तेव्हा या तरतुदींचा रोख माणसांवर व कपड्यांवर राहिला, यात नवल नाही. पुण्यात सैनिकांच्या घरझडत्या याच मार्च महिन्यात सुरू झाल्या. परिषद चालू असतानाच, १० मार्च रोजी, रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या सावित्रीबाई फुले प्लेगनेच मृत्यू पावल्या. ज्यांच्या घरांत हे सर्व घडत होते त्यांचा प्रतिनिधी व्हेनिसला असण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईहून निघणारी हजयात्राही त्या वर्षी बंद ठेवण्यात आली.

भाषेतही या काळाची खूण राहिली. ‘गाठीचा ताप’, ‘ग्रंथिक सन्निपात’ ही नावे मागे पडून ‘प्लेग’ हा सरकारी शब्दच रूढ झाला. पटकी आणि देवी यांची देशी नावे मात्र टिकली, हा भेद विचार करण्याजोगा आहे.

सत्तेचाळीसनंतरही १८९७ चा कायदा राहिला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने तोच लागू केला. पुढे २० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने महामारी-करार स्वीकारला. टाळेबंदी वा प्रवासबंदी लादण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेस नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. व्हेनिसच्या काळीही असा अधिकार कोणास नव्हता. व्यापाराचा धाकच पुरेसा होता. नव्या करारातील अवघड प्रश्न, म्हणजे रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशास लशीचा वाटा किती मिळावा, हा परिशिष्टासाठी राखून ठेवण्यात आला. हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतलेली लस मुंबईतच, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत तयार झाली होती.