ठराव आधी की मन आधी?

‘विधवा प्रथेविरुद्ध ठराव करून काय साधणार? रूढी मनात असते. मने बदला, ती आपोआप गळून पडेल.’ कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यावर घेतला जाणारा हा आक्षेप. तो घेणारे सगळे सनातनी नाहीत. कित्येक जण सुधारणेचे मनापासून कैवारी आहेत. इतिहासातला दाखलाही त्यांच्याजवळ आहे. विधवाविवाह 1856 साली कायदेशीर झाला. तरी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा मुरुड या त्यांच्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. सदतीस वर्षांत कायद्याने मने बदलली नव्हती. मान्य.

पण हा दाखला नीट वाचा. कायदा झाला कलकत्त्यात. बहिष्कार ठरला मुरुडात, गावकऱ्यांच्या सभेत, ठराव करून. चालले कोणाचे? गावाचे! म्हणजे गावाने मिळून केलेला ठराव वाया जात नाही, हेच हा दाखला सांगतो. मग तीच ताकद न्यायाच्या बाजूने का लावू नये?

आणि रूढी मनात असते, हे तरी कोणी ठरवले? नवरा गेला की बाईचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी काढून घेतात. हे तिचे मन करते काय? करतात भोवतीच्या बायका, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी स्वतः याच प्रसंगातून गेलेल्या असतात. सासूला ते बघवत नाही, जावेचा हात थरथरतो, तरी बांगडी फुटतेच. कारण न फोडली तर लोक काय म्हणतील? ते लोकही याच धाकात. प्रत्येकीचे मन पालटले असले तरी रूढी शाबूत राहते, ती अशी. एकटीने नकार दिला तर ती एकटी पडते. सगळ्यांनी एकमेकांदेखत नकार दिला तर धाकच उरत नाही. ग्रामसभेत नेमके हेच घडते.

‘बायका स्वखुशीने पाळतात’ हा युक्तिवादही टिकत नाही. ज्या बाईला कुंकू लावायचे नाही तिला ठराव अडवत नाही. तो अडवतो दुसऱ्याचा हात.

राहिला शेवटचा मुद्दा: शिक्षेची तरतूद नसलेला ठराव कागदावरच राहतो. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केले, तेही कागदावरच राहिले. मात्र 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब त्या तळ्यावर गेले ते याचना करायला नव्हे, मान्य झालेला हक्क बजावायला. हेरवाडच्या विधवेलाही आज तसाच आधार आहे. बांगडी फोडायला आलेल्या हाताला ती गावाचा निर्णय दाखवू शकते. केवळ प्रबोधनाने तिच्या हाती असे काय दिले असते?

हेरवाडचे अनुकरण सर्व ग्रामपंचायतींनी करावे, असे परिपत्रक राज्य सरकारने त्याच महिन्यात काढले. वाचकहो, दोन्ही बाजू तुमच्यापुढे आहेत. तुमच्या गावाने हा ठराव केला नसेल, तर येत्या ग्रामसभेत तो मांडा, आणि मांडताना गावातल्या विधवांना पहिल्या रांगेत बसवा.